अंधेरीचं थिएटर आणि सुरक्षा परिषदेची यादी

प्रश्न एलएलएमच्या एका विद्यार्थ्याचा आहे. बाजू ऐकून घेणं, कारणांसह आदेश देणं, मनमानी न करणं ही आपल्या हायकोर्टात रोज उठणारी तत्त्वं संयुक्त राष्ट्रं, जागतिक बँक अशा संस्थांना लावता येतात का, की हा नुसता सेमिनारचा विषय आहे? शेवटी एक पुरवणी प्रश्नही आहे: जागतिक बँकेविरुद्ध रिट, म्हणजे तिचा हुकूम रद्द करा म्हणून थेट हायकोर्टात याचिका, टाकता येईल का?

पुरवणी प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते मी अशिलाच्या खर्चाने शिकलो आहे. नाही येत. म्हणजे टाकता येते, पण टिकत नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्याकडे आले. एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या भारतातल्या कार्यालयात त्यांची वीसेक वर्षं नोकरी झाली होती. एका सकाळी हातात दोन ओळींचं पत्र पडलं. नोटीस नाही, चौकशी नाही, कारण नाही. सरकारी नोकराला असं पत्र मिळालं असतं तर पहिल्याच तारखेला स्टे घेऊन आलो असतो. मी उत्साहाने बाजू ऐकल्याशिवाय हुकूम नको असं सांगणारे, बिनापाणी देईपासून मनेका गांधीपर्यंतचे सगळे निकाल ओतून चाळीस पानांची याचिका केली. मॅटर बोर्डावर लागलं. न्यायमूर्तींनी पहिलं पान उघडलं, प्रतिवादी क्रमांक एकचं नाव वाचलं आणि विचारलं, "बस्सी रेड्डी वाचलंत का?" वाचलेलं नव्हतं. याचिका मागे घेऊन बाहेर आलो. सगळं मिळून तीन मिनिटं लागली असतील.

जी. बस्सी रेड्डी हा सर्वोच्च न्यायालयाचा 2003 चा निकाल. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्था आहे. तिथल्या कर्मचाऱ्यांना कामावरून काढलं होतं. न्यायालयाने सांगितलं की ही संस्था भारत सरकारने काढलेली नाही आणि सरकारच्या ताब्यातही नाही, म्हणून ती घटनेच्या अनुच्छेद 12 खालचं 'राज्य' नव्हे. मग हायकोर्टाला रिटचा अधिकार देणारा अनुच्छेद 226 तरी? तिथे 'राज्य' असण्याची अट नाही, सार्वजनिक कर्तव्य करणारी कुठलीही व्यक्ती चालते. पण इक्रिसॅटचं संशोधन हे तिने स्वेच्छेने पत्करलेलं काम आहे, कायद्याने अंगावर टाकलेलं कर्तव्य नव्हे, म्हणून तेही दार बंद. शिवाय अशा संस्थांना 1947 च्या संयुक्त राष्ट्रे विशेषाधिकार कायद्याचं कवच असतं. जागतिक बँकेच्या आयएफसीसाठी, म्हणजे खासगी उद्योगांना कर्ज देणाऱ्या शाखेसाठी, तर 1958 चा स्वतंत्र कायदाच आहे.

खरी चूक मला नंतर कळली. त्या संस्थेत अंतर्गत अपिलाची सोय होती, तिला मुदत होती, आणि माझ्या रिटच्या नादात ती मुदत उलटून गेली होती. 'पर्यायी उपाय आधी वापरा' हे वाक्य सरकारी वकिलाच्या तोंडून मी हजारदा ऐकलं असेल. स्वतःच्या मॅटरमध्ये मात्र आठवलं नाही. नोकरीच्या वादांत तर हा आतला मार्ग बऱ्यापैकी भक्कम असतो. राष्ट्रसंघाने 1927 मध्ये स्थापलेलं आणि 1946 पासून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे असलेलं प्रशासकीय न्यायाधिकरण डब्ल्यूएचओसह कितीतरी संस्थांच्या कर्मचाऱ्यांच्या तक्रारी ऐकतं. सुनावणी, कारणं, शिक्षेची प्रमाणबद्धता ही आपली सगळी भाषा तिथे चालते. मुदत मात्र काटेकोर.

आता मुख्य प्रश्न. माझं मत असं आहे की तत्त्वं सीमा ओलांडतात, त्यात काही अडचण नाही. सीमेवर अडतं ते दाद मागण्याचं ठिकाण. म्हणून कामाचा प्रश्न 'तत्त्व लागू होतं का' हा नाही. वरून आलेला हुकूम शेवटी कोणाच्या हाताने बजावला जातो आणि तो हात कुठल्या न्यायालयाच्या टप्प्यात आहे, हे बघायचं. हे समजायला न्यूयॉर्कला जायची गरज नाही, अंधेरीपर्यंत गेलं तरी पुरतं.

गोरधनदास भानजींना अंधेरीला सिनेमा थिएटर बांधायचं होतं. 1947 मध्ये मुंबईच्या पोलीस कमिशनरनी परवानगी दिली. थोड्याच काळात त्याच कार्यालयातून दुसरं पत्र आलं: सरकारच्या निर्देशावरून कळवण्यात येतं की परवानगी रद्द करण्यात आली आहे. मॅटर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. निकाल एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर) 1952 मध्ये आहे. कायद्याने निर्णयाचा अधिकार कमिशनरला दिला आहे, मग डोकंही त्यांनीच चालवायला हवं. सरकारचा निरोप पोचवणं म्हणजे निर्णय घेणं नव्हे. कमिशनरनी मागाहून प्रतिज्ञापत्रात 'तो माझाच निर्णय होता' असं सांगायचा प्रयत्न केला, तोही न्यायालयाने चालू दिला नाही. पत्रात जे लिहिलंय त्यावरूनच हुकूम तपासायचा. पुढे मोहिंदर सिंग गिलच्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यरनी याच धाग्यावर म्हटलं की हुकूम म्हणजे जुनी दारू नव्हे, ठेवल्याने चढत जाणारी.

हे पत्र डोळ्यांसमोर ठेवा आणि 17 ऑक्टोबर 2001 कडे या. सौदी उद्योजक यासिन अब्दुल्ला कादी यांचं नाव त्या दिवशी सुरक्षा परिषदेच्या 1267 समितीच्या, म्हणजे अल कायदाशी संबंधाचा संशय असलेल्यांवर निर्बंध लावणाऱ्या समितीच्या, यादीत आलं. समितीत परिषदेचेच पंधरा सदस्य देश बसतात, बंद दाराआड, आणि सहमतीने ठरवतात. यादीत नाव आलं की जगभरातली खाती गोठतात. युरोपीय संघाने ती यादी आपल्या नियमावलीला जशीच्या तशी जोडली. कादींना आधी नोटीस नाही, नंतर कारण नाही, आणि आपल्याविरुद्ध नेमका काय पुरावा आहे हे विचारायला खिडकीही नाही.

ते युरोपीय संघाच्या लक्झेंबर्गमधल्या न्यायालयात गेले. युरोपीय संघाचा बचाव वाचताना मला अंधेरीचे कमिशनरच आठवले: आम्ही काय करणार, वरून आलंय. 2005 मध्ये खालच्या न्यायालयाने हे जवळजवळ मान्य केलं. 3 सप्टेंबर 2008 ला वरच्या न्यायालयाने ते उलटवलं. त्यांची मांडणी साधी होती. आम्ही सुरक्षा परिषदेचा ठराव तपासत नाही, तो आमचा अधिकार नाही. आम्ही तपासतो ती युरोपीय संघाची नियमावली. ती आमच्या घरातली आहे, आणि आमच्या घरात कोणाची मालमत्ता गोठवायची तर त्याला कारण सांगावं लागतं आणि त्याचं ऐकून घ्यावं लागतं. कादींपुरती ती नियमावली रद्द झाली. चूक दुरुस्त करायला तीन महिने दिले.

अंधेरीची तुलना इथे थोडी लंगडते, ते लपवत नाही. कमिशनरला कायद्याने खरंच निवड दिली होती. सदस्य देशांना तशी निवड नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या अनुच्छेद 25 प्रमाणे परिषदेचा निर्णय बंधनकारक, आणि 103 प्रमाणे तो इतर करारांच्या वर. म्हणजे 'आमच्या हातात काही नव्हतं' हे युरोपच्या बाबतीत कायद्याने बरंचसं खरं होतं. तरीही न्यायालय हटलं नाही. का? कारण बँकेचं खातं गोठवणारी सही युरोपची होती. टीकाकार म्हणतात की यामुळे जागतिक व्यवस्थेला तडा जातो, प्रत्येक देश आपापलं न्यायालय पुढे करेल. त्यात तथ्य आहे. पण ज्याचं खातं गोठलंय त्याच्या वकिलाला हा युक्तिवाद ऐकवून बघा.

पुढचा भाग कुठल्याही सेवाविषयक वकिलाला ओळखीचा वाटेल. निकालानंतर कादींना कारणांचा एक छोटा सारांश पाठवला गेला, त्यांनी उत्तर दिलं, आणि नोव्हेंबर 2008 मध्ये नाव पुन्हा चढलं. आपल्याकडे हुकूम रद्द झाला की 'सुनावणी देऊन' तोच हुकूम नव्या तारखेने निघतो, तसंच. कादी परत न्यायालयात. 2010 मध्ये जिंकले, युरोपने अपील केलं. ते प्रलंबित असतानाच ऑक्टोबर 2012 मध्ये समितीने स्वतःच नाव काढलं. तरी 18 जुलै 2013 ला न्यायालयाने अपिलावर निकाल दिला आणि सांगितलं की निदान एक कारण तरी पुराव्याने उभं राहायला हवं. नुसता आरोपांचा सारांश पुरत नाही. अकरा-बारा वर्षं लागली.

याच यादीतल्या युसेफ नादा यांचं प्रकरण आणखी चमत्कारिक आहे. ते काम्पिओने द'इतालिया या इटालियन गावात राहायचे. गाव जेमतेम दीड चौरस किलोमीटरचं आणि चारी बाजूंनी स्वित्झर्लंड. यादीतल्या माणसाला स्वित्झर्लंडमधून जायला बंदी, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला डॉक्टरकडे जाण्यासाठीही गावाबाहेर पडता येईना. सप्टेंबर 2012 मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने स्वित्झर्लंडला दोषी धरलं. संयुक्त राष्ट्रांना नाही, स्वित्झर्लंडला. पुन्हा बजावणारा हात.

आणि वर काही हललं का? हललं, पण कुरकुरत. 2006 मध्ये नाव वगळण्याचे अर्ज घ्यायला एक कार्यालय नेमलं. ती जवळपास टपालपेटी होती. डिसेंबर 2009 च्या 1904 क्रमांकाच्या ठरावाने लोकपाल आला. पहिल्या लोकपाल कॅनडाच्या किंबर्ली प्रॉस्ट. खरी ताकद आली ती 2011 मध्ये: लोकपालाने नाव काढायची शिफारस केली की साठ दिवसांत ते आपोआप निघतं. थांबवायचं तर समितीच्या सगळ्या सदस्यांनी एकमताने नकार द्यायचा किंवा मामला परिषदेकडे न्यायचा. सहमतीचा नियम असा उलटा फिरवणं ही फार हुशार कारागिरी होती. पूर्वी एक देश अडला की नाव राहायचं. आता नाव ठेवायला सगळे लागतात. न्यायालय नाही, पण ऐकून घेणारं माणूस आहे. अर्थात ही सोय आयसिस-अल कायदाच्या यादीपुरतीच. बाकीच्या याद्यांना लोकपाल नाही. भारतात या याद्यांची अंमलबजावणी यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम 51अ खाली केंद्र सरकारमार्फत होते. खातं गोठवणाऱ्या कागदावर सही भारतीय अधिकाऱ्याची असते, आणि माझ्या मते 226 त्या सहीपर्यंत पोचतं.

पैशाच्या बाजूचा अनुभव वेगळा आहे, आणि तो आपल्या अंगणातला आहे. 1985 मध्ये जागतिक बँकेने सरदार सरोवरासाठी 45 कोटी डॉलर मंजूर केले. बुडिताचं पाणी आधी ज्या गावांना लागलं त्यात अक्कलकुव्याचं मणिबेली होतं, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातलं. आंदोलन वाढलं तेव्हा बँकेने स्वतःच ब्रॅडफर्ड मोर्स आणि थॉमस बर्जर यांची स्वतंत्र समिती नेमली. जून 1992 च्या तिच्या अहवालाने बँकेलाच उघडं पाडलं: पुनर्वसनाचे आणि पर्यावरणाचे स्वतःचे नियम बँकेने पाळले नव्हते. मार्च 1993 मध्ये भारताने उरलेलं कर्ज नाकारलं आणि सप्टेंबरमध्ये बँकेने इन्स्पेक्शन पॅनेल स्थापन केलं. ज्यांचं नुकसान झालंय किंवा होणार आहे अशी दोन माणसं मिळून तक्रार करू शकतात, मात्र मुद्दा एकच: बँकेने स्वतःचे नियम मोडले का.

आपल्याकडे याला रमणा शेट्टीचं तत्त्व म्हणतात. सांताक्रूझ विमानतळावरच्या उपाहारगृहाचं टेंडर. जाहिरातीत पाच वर्षांच्या अनुभवाची अट होती आणि ती नसलेल्याला काम दिलं. 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती भगवतींनी सांगितलं की स्वतः जाहीर केलेली कसोटी सरकारी संस्थेलाही बांधते. (शेट्टींना प्रत्यक्षात काही मिळालं नाही, याचिका उशिरा आली आणि समोरच्याने तोवर खर्च केला होता. तत्त्व जिंकलं, पक्षकार हरला. हे आमच्या धंद्यात फार होतं.)

पुढे हे पॅनेल त्याच सांताक्रूझपर्यंत आलं. सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड मुंबई शहरी वाहतूक प्रकल्पाचा भाग होता, त्याला बँकेने 2002 मध्ये पैसे दिले होते. रस्त्यात कुर्ल्याची दुकानं येत होती. झोपडीतल्या कुटुंबाला डोळ्यांसमोर ठेवून केलेलं धोरण दुकानदारालाही लावलेलं: दुकान कितीही मोठं असलं तरी फुकट मिळणारी जागा 225 चौरस फुटांपर्यंत. वर्षानुवर्षं एका नाक्यावर गिऱ्हाईक जोडलेल्या माणसाला लांबच्या वसाहतीत गाळा दिला म्हणजे धंदा दिला असं होत नाही. नाका हेच त्याचं भांडवल. दुकानदारांच्या संघटनेने 2004 मध्ये पॅनेलकडे तक्रार केली. डिसेंबर 2005 च्या अहवालात पॅनेलने बँकेच्या कामातल्या गंभीर त्रुटी दाखवल्या: उत्पन्नाचा विचार नाही, सल्लामसलत अपुरी, तक्रार ऐकायची यंत्रणा कमकुवत. 1 मार्च 2006 ला बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाच्या भागाचे पैसे थांबवले, आणि ते जूनअखेरीस सुटले.

इथे लक्षात घ्या की पॅनेलचा निष्कर्ष कोणावरच बंधनकारक नसतो. त्याला रिटची धार नाही, स्टे देता येत नाही. धार पैशाची होती. मंत्रालयातल्या ज्या टेबलावर दुकानदाराचा अर्ज हलत नाही, तिथे वॉशिंग्टनहून 'हप्ता थांबला' हा निरोप आला की फाईल धावते. हे काही फार उदात्त नाही, पण तसं आहे.

उलट दिशेचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय संस्थेने एखाद्या देशाला ही तत्त्वं लावल्याचं, एक उदाहरण अभ्यासक्रमात नक्की असेल: कोळंबी आणि कासवं. कासव वाचवणारी जाळी न वापरणाऱ्या देशांची कोळंबी अमेरिकेने बंद केली. भारत, पाकिस्तान, मलेशिया आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेत गेले. ऑक्टोबर 1998 च्या निकालात अपील मंडळाने अमेरिकेच्या प्रमाणपत्र पद्धतीला नावं ठेवली ती आपल्या शब्दांत: अर्जदार देशाला सुनावणी नाही, लेखी कारणं नाहीत. डिसेंबर 2019 पासून ते अपील मंडळच बंद पडलंय, कारण अमेरिका नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवते. तत्त्व जागेवर आहे, कोर्ट उठून गेलंय.

आणि जिथे कोणाचाच हात सापडत नाही तिथे काय होतं ते हैतीत दिसलं. ऑक्टोबर 2010 मध्ये तिथे कॉलरा पसरला, शांतिसैनिकांच्या छावणीच्या सांडपाण्यातून. जवळपास दहा हजार माणसं मेली. संयुक्त राष्ट्रांच्या विशेषाधिकार करारातच लिहिलंय की खासगी दाव्यांसाठी संघटनेने तोडग्याची योग्य व्यवस्था करावी. हैतीसाठी ठरलेला दावा आयोग कधी स्थापनच झाला नाही, भरपाईचे अर्ज 2013 मध्ये 'स्वीकारण्याजोगे नाहीत' म्हणून परत गेले, आणि अमेरिकेच्या न्यायालयांनी 2015 व 2016 मध्ये विशेषाधिकार उचलून धरला. बान की मून यांनी डिसेंबर 2016 मध्ये माफी मागितली. तुमच्या शोधनिबंधात सगळं जमतंय असं वाटायला लागलं की हे प्रकरण वाचा.

मुंद्र्याच्या मच्छीमारांनी अमेरिकेत आयएफसीवर दावा लावून एक फट पाडली होती. आयएफसीच्या 45 कोटी डॉलरच्या कर्जातून कच्छमध्ये वीजप्रकल्प झाला. फेब्रुवारी 2019 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 1 मतांनी सांगितलं की अशा संस्थांना संपूर्ण अभय नाही, परदेशी सरकारांइतकंच आहे. वृत्तपत्रांत मोठी बातमी झाली. मग खालच्या न्यायालयाने दावा याच कारणाने फेटाळला की ज्या वर्तनावर तो उभा आहे ते मुख्यतः भारतात घडलं. 2022 मध्ये तोही रस्ता संपला.

या विषयाला 'जागतिक प्रशासकीय कायदा' हे नाव चिकटलं ते 2005 च्या सुमारास, न्यूयॉर्क विद्यापीठातल्या किंग्सबरी, क्रिश आणि स्ट्यूअर्ट यांच्या लेखनामुळे. जेएनयूच्या बी. एस. चिमणींनी तेव्हाच शंका काढली होती की कार्यपद्धतीची ही सुधारणा सत्तेला जाब विचारते तशी ती तिला शोभाही देऊ शकते. मला ती शंका खरी वाटते. सुनावणी दिली, कारणं दिली, आणि निर्णय होता तोच ठेवला, हे आपण मंत्रालयात रोज बघतो. पण सुनावणीच नसलेल्या जागी उभं राहिल्यावर ही शंका चैनीची वाटते, हेही तितकंच खरं.

म्हणून हल्ली असं मॅटर आलं की मी याचिका लिहायला बसत नाही. आधी तीन गोष्टी विचारतो. आतलं अपील आहे का आणि मुदत कधी संपते. हुकुमाच्या शेवटच्या कागदावर सही कोणाची आहे. आणि पैसे अजून चालू आहेत की संपले, कारण कर्ज बंद झाल्यावर पॅनेललाही फारसं कोणी घाबरत नाही. पॅनेलकडे जायला वकील लागत नाही. तक्रार साध्या पत्राने करता येते, आणि ती मराठीत लिहिली तरी चालते.